गाडीचं वय नको, तब्येत तपासा

सिन्नरजवळच्या मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत मी उभं आयुष्य लेथवर काढलं. निवृत्तीनंतर मला हाताला काम हवं होतं आणि बायकोला फिरायचं होतं. दोन्ही एका जुन्या मॅटॅडोरमध्ये जमून गेलं. आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात बनलेली ही ऐंशीच्या दशकातली डिझेल गाडी. मागच्या भागात फळ्यांचा सुटा पलंग, गादी, पाण्याचा कॅन आणि एक शेगडी, तीही बाहेर उतरवूनच पेटवायची. सामान काढलं की गाडी होती तशी. मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून मी पत्र्याला एक भोकसुद्धा पाडलेलं नाही.

मुक्कामासाठी ही गाडी इतकी सोयीची का, हे खाली वाकून पाहिलं की समजतं. इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्टच नाही, त्यामुळे तळ सपाट आणि जमिनीलगत. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही चढता येतं. बदल्यात पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत आणि जॉइंट खलास.

डिझेल फिल्टर बदलला की लायनीत हवा शिरते. मग स्टार्टर कितीही मारा, इंजिन पेट घेत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करायचा आणि फीड पंपाचा हँडपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकसंध धार. धार लागली की स्क्रू आवळायचा. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट सैल करून इंजिन फिरवायचं, डिझेल दिसेल तसतसा एकेक आवळायचा. चौथा नट आवळण्याआधीच इंजिन धडधडायला लागतं, तेव्हाचा आनंद मला नव्या गाडीच्या शोरूममध्ये कधी मिळाला नसता.

आमच्या भागाचं भाग्य असं, की या गाडीला लागणारे हात इथेच आहेत. नाशिकच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलची नोझलं बनत आली. फवारा पाहून नोझलचा दोष सांगणारे कारागीर नाशिकला अजून सापडतात. पिन किंवा बुश बाजारात मिळाला नाही तर सिन्नरचा टर्नर तो करून देतो. पण हे हात आता पिकले आहेत. त्यांच्याकडे शिकायला मुलं नाहीत, कारण जुन्या गाड्याच उरत नाहीत.

त्या का उरत नाहीत? खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांना १०,०००. ब्रेक उत्तम असोत की निकामी, फी तेवढीच, कारण ती वयावर ठरते. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांना मान मिळाला, पण त्यासाठी पन्नाशी ओलांडलेली हवी. मॅटॅडोर आपल्याकडे आलीच १९६९ च्या सुमारास. बहुतेक गाड्या तिथवर पोचण्याआधीच भंगारात जातील. त्याच २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात लाखो रुपयांच्या नव्या गाड्यांचं चित्र डोळ्यांपुढे येतं. आमच्यासारख्यांचा विचार मला कुठे दिसत नाही.

धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, याबद्दल माझं दुमत नाही. म्हणून तर धूरच मोजा. आमची गाडी हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाते, नाहीतर ठाणगावमार्गे विश्रामगडाच्या पायथ्याला, जिथे जालन्याच्या मोहिमेनंतर १६७९ मध्ये शिवराय थांबले होते. पवनचक्क्यांच्या घरघरीत तिथे रात्र काढायची, सकाळी चहा घेऊन परत निघायचं. मोहदरीचा घाट ती खालच्या गिअरमध्ये, शांतपणे उतरते. एवढ्या वापरासाठी चालती गाडी मोडून नवी घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

बजाज टेम्पो १९५८ मध्ये उभी राहिली ती जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या तंत्रावर. त्या जर्मनीत ३० वर्षांची, मूळ रूपात नीट जपलेली गाडी तपासणीत उतरली, तर तिला ‘एच’ अक्षराची वेगळी नंबरप्लेट आणि ठरावीक कर मिळतो. परिवहन विभागाने २५ ते ५० वर्षांच्या खासगी गाड्यांसाठी असाच वर्ग करावा. दरवर्षी ब्रेक, धूर आणि चासीची कडक तपासणी घ्यावी, वापराला किलोमीटरची मर्यादा घालावी, व्यावसायिक वापर बंद ठेवावा आणि फी परवडेल एवढी ठेवावी. तपासणीत नापास झालेली गाडी बेलाशक भंगारात घाला, माझी असली तरी.