डिक्कीतला दणका

मंडळी, आधीच सांगून टाकतो. गाडीत सबवूफर आणि वेगळा ॲम्प्लिफायर बसवण्यात मला काहीही वावगं वाटत नाही. उलट ज्याला गाण्याची आवड आहे आणि आठवड्यातून तीन-चारदा धाराशिव-सोलापूर करावं लागतं, त्याने तो बसवावाच. हे आज लिहायचं कारण आमचा भाचा. त्याने जुनी स्विफ्ट घेतली आणि पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "मामा, डिक्कीत बारा इंची टाकायचाय." त्यावरून घरात दोन तट पडले. ताईचं म्हणणं, पोरगं आता डीजे घेऊन फिरणार. ताई हा ब्लॉग वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी उभी असताना जे गाणं झकास वाजतं, तेच हायवेला ऐंशीच्या वेगात पातळ लागतं. असं का? टायरचा, इंजिनाचा, वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, आणि तो गाण्यातली तीच पट्टी आधी गिळतो. वरचे सूर टिकतात, झांज ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा गायब होतो. दारातले साडेसहा इंची स्पीकर साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली तसेही दमलेले असतात. मग आपण काय करतो, तर आवाज वाढवतो. खालचं काही मिळत नाहीच, वरचं मात्र कानात टोचायला लागतं. तुळजापूरच्या गोंधळ्याचा संबळ ज्याने समोर बसून ऐकलाय त्याला माझं म्हणणं लगेच पटेल. त्या दोन वाद्यांतलं मोठं जे आहे, त्याचा आवाज आधी छातीला कळतो आणि मग कानाला. गाडीच्या टेपवर त्या जागी नुसती टकटक येते.

आता त्या टेपवर लिहिलेल्या '५० वॉट x ४' बद्दल. (आमच्याकडे अजून 'टेप'च म्हणतात, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी.) इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त चोवीस-पंचवीस वॉट जाऊ शकतात, प्रत्यक्षात अठरा-वीसच. हे साधं गणित आहे, कंपनी कुठलीही असो. वेगळ्या ॲम्पच्या पोटात आधी हे व्होल्टेज वाढवून घेणारं सर्किट असतं, म्हणून त्याला खरोखरचे दोनशे-तीनशे वॉट देता येतात. पण ते फुकट येत नाहीत. तीनशे वॉटचा चांगला क्लास-डी ॲम्प पूर्ण जोरात असताना साधारण २७ अँपिअर ओढतो. जुन्या पद्धतीचे दोन्ही हेडलाइट मिळून आठ-नऊ ओढतात, त्यावरून अंदाज करा.

म्हणून माझा खरा आग्रह सबवूफरच्या इंचांबद्दल नाही, तर वायरीबद्दल आहे. वायर अस्सल तांब्याची हवी, वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. तो फ्यूज ॲम्प वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. इंजिनाकडून आत येताना वायर पत्र्याच्या भोकात घासते, एक दिवस तिचं कातडं निघतं आणि बॅटरी सगळा जोर त्या जागी ओतते. गाड्या पेटतात त्या अशा. अर्थिंग आखूड ठेवायचं आणि रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घट्ट बोल्ट मारायचा. पॉवरची वायर गाडीच्या एका अंगाने आणि सिग्नलची दुसऱ्या अंगाने न्यायची, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की गाण्याबरोबर इंजिनही गायला लागतं. आणि 'गेन' नावाचं जे बटण असतं ते आवाजाचं बटण नाही. टेपचा सिग्नल जितका, तितकं ते जुळवायचं आणि विसरून जायचं. आमच्याकडची निम्मी पोरं ते शेवटपर्यंत पिळतात आणि मग म्हणतात, बेस फाटतोय.

बारा इंचाचं काय? माझं मत, बंद खोक्यातला आठ किंवा दहा इंची पुरे. ५० हर्ट्झच्या आवाजाची लांबी जवळजवळ सात मीटर भरते, म्हणजे स्विफ्टच्या लांबीच्या दुपटीला थोडी कमी. इतक्या लहान बंद जागेत गाडी स्वतःच खालचा आवाज उचलून देते. अट एकच, काचा बंद हव्यात. काचा खाली केल्या की हा फायदा जातो, मग तो भरून काढायला माणूस बटण फिरवतो आणि आतलं गाणं गल्लीचं होतं. त्यात आपल्याला मिळतात उघडे सूर आणि गल्लीला मिळते नुसती धडधड, कारण भिंतीतून जाताना वरचे सूर अडतात, खालचे आरपार जातात. पत्र्याच्या घरात तर पत्राही साथ देतो.

आता ताईच्या तटाची बाजू. तिचं बरोबर कुठे आहे, तर आपल्याकडे आवाज हा ऐकण्यापेक्षा ऐकवण्यासाठीच जास्त असतो. ऊसाचा हंगाम सुरू झाला की ढोकी, रांजणीच्या बाजूला रस्त्यावर थांबून पाहा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येण्याआधी त्याचं गाणं येतं. मागची गाडी हॉर्न वाजवून थकते आणि ड्रायव्हरला पत्ता नसतो. त्याची एकट्याची रात्रभराची ड्युटी मी समजू शकतो, झोप लागू नये म्हणूनच तो ते लावतो. तरीही मागून येणाऱ्याचा जीव त्याच्या टेपवर टांगलेला असावा हे काही पटत नाही.

कायदा आहे, नाही असं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण त्यात एक मेख आहे. हे मोजमाप 'ए' भाराचं, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं त्या हिशोबाने केलेलं. त्यात ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल चक्क वजा होतात. म्हणजे ज्या दणक्याने खिडकीची तावदानं थरथरतात, तोच मीटरला सर्वांत कमी दिसतो. डीजेबद्दल तक्रार करणाऱ्या माणसाची आणि मीटरच्या आकड्याची जी चुकामूक होते, तिचं एक कारण हे आहे, आणि त्यावर बोलताना कुणी दिसत नाही.

माझी मावशी लोहारा तालुक्यात असते, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. किल्लारीचं नाव भूकंपाला मिळालं, पण आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लोहारा-उमरग्याची गावंही त्यात गेली. सास्तूरला जाऊन आलेल्यांना ते सांगायला नको. मावशीचं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या त्या जाड भिंती आणि वर मातीचं छत. त्या रात्रीबद्दल ती फार बोलत नाही. एवढंच म्हणते, "आधी आवाज आला रे, खालून." आजही गावातून दणका लावलेली गाडी गेली की हातातलं काम टाकून ती दाराच्या चौकटीला धरते. गाडी लांब गेली की परत भाकरी थापायला बसते. कुणाला काही म्हणत नाही. ज्याने गाडी नेली त्याला कधी कळतही नाही. तो दणका मावशीपर्यंत पोचतो तेव्हा त्यात गाणं उरलेलं नसतं, फक्त खालून येणारा आवाज असतो.

म्हणून भाच्याला मी सांगितलं की बसव, खर्चात अर्धा वाटा माझा. पण आठ इंची, बंद खोका, आणि बेस कमीजास्त करायचं ते छोटं वायरवालं बटण स्टिअरिंगखाली, हाताशी. गाव लागलं की शून्यावर. गाडी वाजवून बघताना एक जण आत आणि एक जण बाहेर वीस पावलांवर काचा बंद असताना उभा राहील, आणि बाहेरच्याला धडधड कळली तर अजून खाली. शिवाय डिक्कीच्या झाकणाला आणि नंबरप्लेटच्या मागे डँपिंगची शीट लावायची, कारण अर्धा दणका तिथूनच बाहेर पडतो.

त्याने जरा तोंड वाकडं केलं. "मग मामा, मित्रांना कळणार कसं?" म्हणाला. मी म्हटलं, आत बसव की त्यांना. पाच सीटची गाडी आहे. खोका मागच्या सीटला टेकवायचा की डिक्कीच्या झाकणाकडे तोंड करून, यावर आमचं अजून जमलेलं नाही. कुणी स्विफ्टमध्ये दोन्ही करून पाहिलं असेल तर जरूर कळवा.