जोडी जुंपून पाहिली का?

श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीचा शनिवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बैल पारखण्याची रीत सांगायला नको. दात मोजायचे, खूर पाहायचे, चार पावले चालवायचे. गेल्या हिवाळ्यात तिथे एक म्हातारे गृहस्थ आपल्या पुतण्याला सांगत होते, ‘‘बाळा, एकेक बैल कुनीबी पारखंल. पर जू मानंवर ठेवल्याबिगर जोडी कळत न्हाई.’’

त्याच दुपारी थोड्या अंतरावर एका शेळीचा सौदा झाला. घेणाऱ्याने मोबाइलवरून पैसे पाठवले. त्याच्या खात्यातून रक्कम गेली. विकणाऱ्याच्या खात्यात काही आले नाही. ‘‘दिले की!’’ ‘‘आले न्हाईत की!’’ दोघेही खरेच बोलत होते. मग खोटे कोण बोलले?

२०१६ साली सुरू झालेल्या ‘यूपीआय’मुळे पैसे पाठवणे हा बोटाचा खेळ झाला. पण त्या एका टिचकीमागे मोबाइलमधले अ‍ॅप, त्यामागची बँक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, देणाऱ्याची बँक आणि घेणाऱ्याची बँक असा प्रवास असतो. आजकाल अशा यंत्रणा लहान लहान स्वतंत्र प्रोग्रॅम जोडून उभारण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिला ‘मायक्रोसर्व्हिसेस’ म्हणतात. एक ओळख पटवतो, दुसरा शिल्लक पाहतो, तिसरा रक्कम वजा करतो, चौथा संदेश धाडतो. एकाची दुरुस्ती करताना साऱ्यांना थांबवावे लागत नाही, हा मोठाच फायदा. तोटा असा की प्रत्येक जण आपापल्या जागी बिनचूक असूनही त्यांच्यातला संवाद तुटू शकतो. प्रत्येक बैल उमदा, पण जोडी जुळत नाही!

म्हणून या यंत्रणेची समग्र चाचणी घ्यावी लागते. खऱ्या यंत्रणेची हुबेहूब प्रतिकृती उभारायची, काल्पनिक ग्राहकांची खाती उघडायची, आणि बाहेरच्या बँकांच्या जागी त्यांची सोंगे बसवायची. ती कधी चटकन उत्तर देतील, कधी मुद्दाम गप्प राहतील. मग पैसे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठवून पाहायचे. खरी कसोटी त्यापुढची. रक्कम वजा होताच एक प्रोग्रॅम मुद्दाम बंद पाडायचा: पैसे परत येतात का? तोच आदेश दोनदा द्यायचा: पैसे दोनदा कापले जातात का? व्यवहाराचा एकच क्रमांक सगळीकडे सापडतो का? आणि हे वर्षातून एकदा नव्हे, प्रत्येक बदलानंतर करायचे. एखादी चाचणी कधी उत्तीर्ण, कधी नापास होऊ लागली की ‘पुन्हा चालवा, होईल’ म्हणण्याची सवय लागते. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच.

आमच्या शाखेत संगणक आला, तेव्हा कित्येक महिने हाताने लिहायचे लेजर आणि संगणक शेजारी शेजारी चालत होते. संध्याकाळी दोहोंचा मेळ लागल्याशिवाय कोणी घरी जात नसे. आम्ही कुरकुरायचो. त्या कुरकुरीची आज लाज वाटते.

कारण घाईची किंमत मोठी असते. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये आपली खाती नव्या यंत्रणेवर नेली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलेच खाते उघडता येईना. नवी यंत्रणा दोन संगणक केंद्रांवर चालायची होती. भाराची चाचणी मात्र एकाच केंद्रावर झाली होती, असे २०१९च्या स्वतंत्र चौकशीत निघाले. डिसेंबर २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. एकच बैल जुंपून पाहिला, असेच म्हणायचे!

समग्र चाचणी महाग असते, वेळ खाते, हे खरेच. म्हणून सारेच असे तपासता येत नाही. बहुतेक तपासण्या एकेका प्रोग्रॅमच्या असाव्यात. पण पैसे देणे, घेणे आणि परत येणे हे रस्ते टोकापासून टोकापर्यंत चालून पाहिलेच पाहिजेत. त्यातही कसोटी काष्टीच्या शनिवारची हवी: रेंज क्षीण, फोन जुना, गर्दी मोठी, आणि संदेश येईना म्हणून दोनदा बटण दाबणारा माणूस. लहान सहकारी बँकांच्या संचालकांनी सॉफ्टवेअर घेताना किंमत आणि तारीख विचारावी. पण चाचणीचा अहवाल टेबलावर आल्याशिवाय सही करू नये.

रक्कम कापली गेली, पण पोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावी, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे. काष्टीच्या त्या गृहस्थांचे पैसे दुसऱ्या दिवशी परत आले. त्यांनीच मला फोनवर सांगितले. नियम पाळला गेला, हिशेब जुळला. शेळी मात्र आदल्या संध्याकाळीच विकणाऱ्याबरोबर परत गेली होती आणि औषधपाण्यासाठी त्याला हवे असलेले पैसे पुढच्या शनिवारवर गेले होते. तो तोटा कुठल्याच लेजरमध्ये दिसत नाही.