उशीर कोणाचा?

हृदयविकाराच्या झटक्याने दगावलेल्या गरिबाच्या कागदावर ‘उशिरा आणले’ एवढा शेरा मारला की आरोग्यव्यवस्था हात झटकून मोकळी होते. परंतु हा उशीर कोणाचा? देशातील ८९ रुग्णालयांची पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केली. तीत निम्मे रुग्ण सहा तास वा त्याहून उशिराच पोचल्याचे आढळले. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण श्रीमंतांत शेकडा ५.५, तर गरिबांत ८.२ होते. उपचारांतील तफावत हिशेबात घेताच हा फरक उरला नाही. याचा अर्थ उघड आहे : गरिबाचा बळी घेतो तो उपचारांतील भेदभाव.

उशिरा आलेल्या रुग्णाबाबतही हात टेकण्याचे कारण नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर तितके गुणकारी. तरी बारा तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. त्यानंतरही छातीतील कळा थांबत नसतील, तर अँजिओप्लास्टीने रक्तवाहिनी मोकळी करता येते. म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ईसीजी, हे औषध, ते देऊ शकणारा डॉक्टर आणि पुढे नेणारी रुग्णवाहिका अहोरात्र सज्ज हवी. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात याचा जाब विचारावा. रुग्णाचा उशीर मोजणाऱ्या शासनाने आधी स्वतःचा उशीर मोजावा.