मोर्चाच्या आधीचा अर्ज

हंडा मोर्चा प्रभाग कार्यालयावर येऊन थडकला की तासाभरात टँकर निघतो आणि कनिष्ठ अभियंता जागेवर पोचतो. त्याच पाण्यासाठी त्याच वस्तीने दिलेला अर्ज मात्र आवक क्रमांक घेऊन महिनाभर टेबलावर पडलेला असतो. लोकांच्या रागामुळे काम करणे अवघड झाले, ही आपल्या क्षेत्रातली तक्रार खोटी नाही. पण तो राग आपणही पोसतो. रांगेत उभ्या असलेल्याला ‘साहेब फिरतीवर आहेत’ आणि टेबल आपटणाऱ्याला साहेबांची भेट, हे दोन-तीनदा दिसले की नागरिक घ्यायचा तो धडा घेतो. खरे नुकसान होते ते मोर्चा काढू न शकणाऱ्यांचे. टँकर वळवला गेला की त्यांची पाळी पुढे ढकलली जाते आणि पालिकेवरचा त्यांचा विश्वास उडतो. त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

या रागात लांबलेल्या निवडणुकांचीही भर पडली. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी. मधल्या काळात राज्यातल्या बहुतेक महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक प्रत्येक तक्रार सोडवतो असे नाही, पण ती ऐकून घेतो आणि कोणाकडे न्यायची ते सांगतो. तो दुवा तुटल्यावर राग थेट खिडकीवर आला, आणि खिडकीमागच्या लिपिकाला ना निधीचा अधिकार, ना निर्णयाचा. रोज बोलणी खाणारा माणूस स्वतःला सांभाळायला शिकतो: सही टाळतो, अभिप्रायासाठी फाइल वर ढकलतो, त्रुटी एकदम न सांगता एकेक करून काढतो. त्यातून उशीर वाढतो आणि उशिरातून पुन्हा राग.

मग मारहाणीचे काय, असे कोणी विचारेल. ऑगस्ट 2021 मध्ये ठाण्यात फेरीवाल्यांवरील कारवाईच्या वेळी एका महिला सहायक आयुक्तांची बोटे छाटली गेली. अशा प्रकारात समजुतीची भाषा नको. हल्लेखोराला शिक्षा आणि कर्मचाऱ्याला संरक्षण, यात तडजोड नाही. पण सरकारी कामात अडथळ्याचे कलम प्रत्येक चढ्या आवाजावर उगारले, तर खऱ्या हल्ल्याच्या वेळी त्याचे वजन उरत नाही. दुसरा आक्षेप असा की मोर्चाशिवाय पालिका हलतच नाही. दुर्लक्षित प्रश्न रागामुळेच पटलावर येतात, हे मान्य. मात्र पटलावर काय यावे हे रागाने ठरवले, तरी कामांचा क्रम गरजेनेच ठरायला हवा. रिक्त पदांची सबब खरी असली, तरी ‘हे काम या तिमाहीत होणार नाही, कारण निधी नाही’ हे लिहून द्यायला नवी भरती लागत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने अधिसूचित सेवांसाठी पोच, मुदत, नकाराची लेखी कारणे आणि अपील ठरवून दिले. कसूर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडही ठेवला. दाखल्यांना लावलेली ही शिस्त पाणी, खड्डे आणि कचऱ्याच्या तक्रारींना लावायला आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे आहे. प्रत्येक पोचेवर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि तारीख असावी, आणि मोर्चामुळे तक्रारींचा क्रम बदलला तर त्याची कारणे फलकावर लागावीत. लोक तरीही रागावतील. पण तो राग योग्य टेबलापर्यंत जाईल आणि अर्ज करून वाट पाहणारा मूर्ख ठरणार नाही.