गरिबीचा दाखला

म्हातारपण चेहऱ्यावर दिसते आणि गरिबी घराच्या भिंतींवर. सरकारला मात्र दोन्ही कागदावर दिसावी लागतात. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची चर्चा निघाली की आपण रकमेवर बोलतो. रक्कम अपुरी आहेच. पण ती कोणाच्या हाती पडते आणि कोणाच्या पडत नाही, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

घटनेच्या ४१व्या कलमाने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याचे तत्त्व सांगितले. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, पुढे श्रावणबाळ योजना आली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभरासाठी योजना सुरू केली, तेव्हा त्याचा वाटा महिना ७५ रुपये होता. २००७ साली तो २०० रुपये होता आणि पुढे ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी वर्षानुवर्षे तिथेच राहिला. आपल्या राज्याने स्वतःची भर घालून २०२३ साली एकूण रक्कम हजारावरून दीड हजारावर नेली. ही गोष्ट चांगलीच झाली.

पण या घराचा उंबरठा पाहा. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ हवे, राज्यात १५ वर्षे वास्तव्य हवे आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे. ते नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, अशी अट वर्षानुवर्षे चालत आली. म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये, तेही साऱ्या कुटुंबाचे! एवढ्यात घर चालत नाही, हे अर्ज करणाऱ्याला ठाऊक असते आणि दाखल्यावर सही करणाऱ्यालाही. जी म्हातारी खरे उत्पन्न सांगेल, तिचा अर्ज बाद होणार. शहरात गेलेला मुलगा तिला दमडी पाठवत नसला, तरी कागदावर तो तिला पोसतच असतो.

माझ्या नोकरीतली बरीच वर्षे तालुक्याच्या बँक शाखांत गेली. अनुदान जमा झाल्याची कुणकुण लागली की दार उघडण्याआधीच म्हाताऱ्या पायरीवर येऊन बसत. कधी दोन-दोन महिने पैसे येत नसत. तरी त्या येत, ‘साहेब, आलं का आमचं?’ एवढेच विचारत आणि परत जात. पुढे यंत्रावर अंगठा लावायची पद्धत आली, तेव्हा जन्मभर खुरपे धरून झिजलेले ठसे उमटेनात. हे हाल आम्हाला दिसत, कारण या बायका रांगेत होत्या. ज्यांचे नाव यादीतच आले नाही, त्या बँकेत कशाला येतील? त्या कोणालाच दिसत नाहीत.

यादी तरी कशी वाढावी? केंद्राच्या योजनेत प्रत्येक राज्याचा लाभार्थींचा कोटा २००१ ची लोकसंख्या आणि २००४-०५ चा दारिद्र्याचा अंदाज धरून ठरवला गेला. त्यानंतर जे म्हातारे झाले, त्यांनी जुने नाव गळण्याची वाट पाहायची. नाव गळते म्हणजे काय होते, हे सांगायला नको.

यावर ‘मग बोगस लाभार्थी घुसतील’ असे म्हटले जाते. थोडे घुसतील. परंतु एक लबाड आत येऊ नये म्हणून किती खऱ्या गरजूंना दाराबाहेर ठेवायचे, याचा हिशेबही कधीतरी मांडायला हवा. पगार वा निवृत्तिवेतन नसलेल्या, साठी ओलांडलेल्या सर्वांसाठी बिहारने २०१९ साली योजना सुरू केली. सुरुवात ४०० रुपयांची होती; २०२५ मध्ये रक्कम ११०० झाली. आपल्यापेक्षा गरीब राज्याने गरिबीचा दाखला मागणे सोडले. आपणही कसोटी उलटी करावी. प्राप्तिकर भरणारे आणि निवृत्तिवेतन घेणारे वगळावेत. त्यांची नावे सरकारदरबारी आहेतच. बाकीच्या सर्व वृद्धांना द्यावे. खर्च वाढेल, आणि तो तुम्हाआम्हालाच करातून सोसावा लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही.

रक्कमही महागाईशी बांधावी. माझे निवृत्तिवेतन महागाई भत्त्याबरोबर हलते. त्यासाठी मला कोणाच्या दारी जावे लागत नाही. दर नोव्हेंबरात फक्त हयातीचा दाखला द्यावा लागतो. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बाईलाही आपण तेवढेच विचारावे.