जैविक हल्ला : भीती कशाची आणि तयारी कशाची?

१/ २६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्थानकाच्या गर्दीत अमरेंद्रचंद्र पांडे या तरुण जमीनदाराच्या दंडाला कोणीतरी सुईसारखे काही टोचले. ४ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. कारण होते प्लेग, आणि त्या प्लेगचा माग थेट मुंबईपर्यंत पोहोचतो.

२/ कलकत्त्यात तेव्हा प्लेगची साथ नव्हती. मात्र आजारपणात घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात प्लेगचेच जंतू आढळले. अहवाल हाती आला तो मृत्यूनंतर. इस्टेटीच्या वादामुळे संशय गेला सावत्र भाऊ बिनयेंद्र आणि त्याचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांच्यावर.

३/ जंतू मिळवण्यासाठी दोघांनी मुंबई गाठली होती. हाफकीन संस्थेने रीतसर परवानगीचा आग्रह धरला. पण प्लेगवरील औषधाच्या संशोधनाचे निमित्त सांगून तारानाथने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात (आजचे कस्तुरबा रुग्णालय) प्रवेश मिळवला.

४/ १९३५ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली. १९३६ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

५/ या प्रकरणाचा खरा धडा कोणता? शत्रू सीमेपलीकडून आला नाही. तो ओळखीच्या आधाराने प्रयोगशाळेत शिरला. आणि गुन्हा उघड केला तो एका रक्ततपासणीने व जपून ठेवलेल्या कागदपत्रांनी.

६/ आता १९९४ पाहा. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले, सप्टेंबरमध्ये सुरत हादरले. लाखो लोक शहर सोडून पळाले, टेट्रासायक्लिनसाठी झुंबड उडाली. हा परकीय घातपात असावा, अशी कुजबुजही झाली. उंदीर, कचरा आणि ढासळलेली रोगपाळत हे उत्तर त्या कुजबुजीइतके थरारक नव्हते. म्हणून ते लवकर विसरले गेले.

७/ धोका काल्पनिक आहे, असे मुळीच नाही. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सच्या पत्रांनी ५ बळी घेतले. पण तेथेही पहिला रुग्ण ओळखला तो फ्लोरिडातील एका रुग्णालयात नमुना बारकाईने पाहणाऱ्या डॉक्टरने. साथ नैसर्गिक असो वा घातपाती, तिची पहिली चाहूल लागते ती तापाच्या रुग्णाजवळच.

८/ चिपळूण तालुक्यातील पोफळीला हे वेगळे सांगावे लागू नये. डोंगराच्या पोटातील तेथील वीजगृहाला पहारा आहे, तो हवाच. परंतु कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाआधीपासून भूकंपमापक यंत्रे लहानसहान हादरेही टिपत आली आहेत. त्या नोंदींनी भूकंप थांबत नाही. पण धोक्याचे स्वरूप कळते.

९/ रोगांचेही तसेच आहे. पहारा वीजगृहाचे रक्षण करील. गावाचे रक्षण करील ती आरोग्य केंद्रातील तापाच्या रुग्णांची नोंदवही, वेळेत प्रयोगशाळेत पोहोचलेला नमुना आणि भरलेली पदे. जैविक हल्ल्याची भीती बाळगणाऱ्या समाजाने आधी याच गोष्टींचा हिशेब मागितला पाहिजे.