खुदीचा शायर आणि अधांतरी राहिलेली करीम बीबी

९ नोव्हेंबर आला की आपल्याकडे उर्दू दिन साजरा होतो. शाळेतली मुले 'तराना-ए-हिंदी' गातात, पाहुणे खुदीवर बोलतात, हारतुरे होतात. हा अल्लामा इकबाल यांचा जन्मदिवस. त्यांच्या शायरीवर माझेही प्रेम आहे, ते लपवायचे कारण नाही. पण या व्यासपीठांवर दोन नावे मी कधी ऐकली नाहीत. करीम बीबी आणि मेराज बेगम. एक इकबाल यांची पहिली पत्नी, दुसरी त्यांची थोरली मुलगी.

करीम बीबी या पंजाबातील गुजरात शहराच्या डॉ. अता मुहम्मद खान यांच्या कन्या. घर खाऊनपिऊन सुखी होते. इकबाल शिकत असतानाच थोरल्यांनी हा निकाह लावून दिला. मेराज आणि आफताब ही दोन मुले झाली. इकबाल लाहोरला शिकले, तिथेच शिकवू लागले. करीम बीबींचा बराच काळ माहेरी गेला. १९०५ ते १९०८ इकबाल युरोपात होते. केंब्रिज, म्युनिक, बॅरिस्टरी असे सगळे करून ते परतले, तेव्हा या निकाहात त्यांचे मन उरले नव्हते.

एप्रिल १९०९ मध्ये त्यांनी अतिया फैजी यांना एक पत्र लिहिले. अतिया मुंबईच्या फैजी घराण्यातल्या, त्यांची बहीण जंजिऱ्याची बेगम. ही पत्रे पुढे अतियांनीच १९४७ साली मुंबईत छापली, म्हणून आपण ती वाचू शकतो. पत्राचा आशय असा: वडिलांना माझे लग्न ठरवण्याचा हक्क नव्हता, पत्नीचा खर्च मी देईन, पण तिला जवळ ठेवून आयुष्य दुःखी करणार नाही, माणूस म्हणून सुखावर माझाही हक्क आहे.

हे पत्र वाचून मला इकबाल यांचा राग येत नाही. मनाविरुद्ध लावलेल्या लग्नात घुसमटणाऱ्या तरुणाचे हे दुःख खरे आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. तेच लग्न करीम बीबींचेही थोरल्यांनीच लावले होते. सुखावर त्यांचाही हक्क होता. त्यांनी तो कोणाला पत्र लिहून मागायचा?

पुढे दोघे वेगळे झाले. तलाक झाला नाही. इकबाल यांनी आणखी दोन निकाह केले आणि करीम बीबींना अखेरपर्यंत खर्च पाठवला. त्यांचे भक्त इथेच थांबतात आणि म्हणतात, "बघा, जबाबदारी टाळली नाही. तलाक तर तिलाच नको होता." अहो, तिला काय हवे होते हे तिच्या तोंडून कोणी ऐकले आहे? त्या काळात तलाकचा शिक्का घेऊन जगणे आणि नावापुरती बायको म्हणून जगणे, एवढ्या दोनच वाटा तिच्यासमोर होत्या. दोन भिंतींपैकी एक निवडली तर त्याला मर्जी म्हणत नाहीत.

कुरआनात सूरह निसाची १२९ वी आयत आहे. अनेक बायका असणाऱ्या पुरुषाला ती बजावते की एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला लटकत ठेवू नका. लटकत ठेवलेली, म्हणजे ना धड बायको ना धड मोकळी. हा शब्द स्त्रीवादी पुस्तकातून आलेला नाही, तो आपल्याच किताबात आहे. दर महिन्याची मनीऑर्डर त्या शब्दातून सुटका देत नाही.

आता मेराज. १९१५ साली इकबाल यांचा 'असरार-ए-खुदी' प्रसिद्ध झाला. माणसाने स्वतःला ओळखावे, उभे राहावे, असे सांगणारा ग्रंथ. त्याच वर्षी मेराज वारली. तिला विशीही नीट पाहता आली नाही. आईच्या मृत्यूवरची इकबाल यांची दीर्घ कविता प्रसिद्ध आहे. मुलगा जावेदच्या नावाने १९३२ चा 'जावेदनामा' आहे. मेराजचे नाव त्यांच्या एकाही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही. ते कठोर बाप होते असे मी म्हणत नाही. धाकट्या मुनीराची आई गेल्यावर तिला सांभाळायला त्यांनी घरात जर्मन बाई आणून ठेवली होती. पण ज्या बाईला नवऱ्याच्या घरात जागा राहिली नाही, तिच्या मुलीला बापाच्या चरित्रातही दोनच ओळी मिळाल्या.

आणि इकबाल यांना हे प्रश्न कळत नव्हते असेही नाही. १९३० साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत त्यांनी स्वतः लिहिले की नको असलेल्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी पंजाबात मुस्लिम स्त्रियांना धर्म सोडावा लागतो आहे. केवढे मोठे सत्य! पण १९३६ च्या 'जर्ब-ए-कलीम'मध्ये स्त्रीचा रक्षक पुरुषच, असे तेच सांगतात. इकबाल १९३८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही, किंवा सबळ कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पाळली नाहीत, तर स्त्री न्यायालयातून निकाह मोडू शकते. म्हणजे नुसता खर्च पाठवणे पुरेसे नाही, हे कायद्यानेही मान्य केले. करीम बीबींचे तारुण्य तोवर सरून गेले होते.

मला माहीत आहे, काही लोक हे वाचून टाळ्या पिटतील. "मुसलमानांचे शायर असेच!" त्यांनी जरा थांबावे. नवऱ्याने टाकलेली बाई मराठी माणसाला नवीन नाही, तिच्यासाठी 'परित्यक्ता' असा शब्द आपल्या भाषेत आहे. आणि दुसरे लोक म्हणतील, "घरची गोष्ट बाहेर का आणता?" त्यांना मी सांगतो, ही घरची गोष्ट प्रत्येक मोहल्ल्यात आहे. चार घरे सोडून एखादी बाई माहेरच्या कोपऱ्यात दहा वर्षे बसलेली असते. नवरा दुसरीकडे संसार करतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "खर्च तर देतो ना?" त्या बाईचे नाव करीम बीबीच आहे.

यावर उपाय आपल्या हातात आहे आणि तो शरीयतच्या बाहेरचा नाही. निकाहनाम्यात पत्नीला तलाकचा अधिकार सोपवता येतो. याला तफवीज म्हणतात. निकाहात स्त्री स्वतःच्या अटी घालू शकते, हे खुद्द इकबाल यांनी त्याच व्याख्यानांत सांगितले आहे. मग आपले काझी तो रकाना कोरा का ठेवतात? मुलीचा बाप मेन्यूवर तासभर बोलतो, या अटीवर एक मिनिट का बोलत नाही?

येत्या ९ नोव्हेंबरला खुदीवर भाषण जरूर करा. फक्त शेवटी सभेतल्या मुलींना एवढे विचारा: ही खुदी तुमच्या निकाहनाम्यात कुठे लिहिली आहे? त्यांनी उत्तर मागितले, तर इकबाल यांच्या पहिल्या घराचे थोडे कर्ज फिटेल.